नाव काय घालू?

कोणतीही वस्तू समोर आली की ते आधी हाताची पालथी बाजू तिला लावत. तळवा नाही. तळव्याला घट्टे पडलेत, त्याला आता काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आई पोराच्या कपाळाला लावते तसा तो पालथा हात थोडा वेळ तिथे राही, डोळे अर्धे मिटत आणि मग निदान होई, "ताप आहे." किंवा, "ताप नाही. उगाच आणलंत." हंडा असो, पाणी तापवायचा बंब असो, नाहीतर व्हिडिओ गेमचं कन्सोल असो, तपासणी एकच.

तांब्याची भांडी घडवणाऱ्या माणसापुढे कन्सोल कोणी नेऊन ठेवलं, असं तुम्ही विचाराल. मीच नेऊन ठेवलं. त्यातून पुढे जे झालं ते आठवलं की अजून मान खाली जाते. पण क्रमानं सांगतो.

मी मूळचा वर्ध्याचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुण्यात आलो आणि एका मोठ्या परदेशी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात चिकटलो. टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, म्हणजे कन्सोल, ही कंपनी बनवत असे. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मॉलशेजारी, काचेच्या गार इमारतीत. राहायला खोली मात्र मिळाली कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी. सकाळी साडेआठ वाजले की खिडकीखाली हातोडी सुरू होई. ठक ठक ठक, मध्ये एक श्वास, पुन्हा ठक ठक ठक.

पहिल्याच रविवारी मी डोळे चोळत खाली गेलो आणि निदान सुट्टीच्या दिवशी तरी उशिरा सुरू करा, अशी विनंती केली. ठोकणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, शिडशिडीत, बाह्यांचा बनियन, डाव्या कानात कापूस, उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठले आपण?"

"वर्ध्याचा."

"अहो वर्धेकर, आमचे पणजोबा इथे ठोकत होते तेव्हा तुमची गाडी वर्ध्याहून सुटलीसुद्धा नव्हती. बसा. झोप मोडलीच आहे तर चहा घ्या."

त्या दिवसापासून मी वर्धेकर झालो आणि ते माझे काका झाले. त्यांना ऐकू कमी येई. जन्मभर तांबं ठोकणाऱ्यांचं तसं होतंच. पण त्यांना मारलेला टोमणा मात्र पहिल्या फटक्यात ऐकू जाई आणि परतही मिळे. गिऱ्हाइकानं "कधी मिळेल?" असं विचारलं की ते हातोडी पुढे करत, "घाई कुणाला आहे? तुम्हाला. मग तुम्ही ठोका."

आमच्या सेवा केंद्रात माझी कामं तीन. मशीन घ्यायचं, मशीन तपासायचं आणि चूक ग्राहकाची आहे हे ग्राहकाला समजावून सांगायचं. पगार मुख्यतः तिसऱ्या कामाचा होता. कंपनीचं नवं मॉडेल वर्षभर छान चाले आणि वॉरंटी संपली की तापून बंद पडे. इतकं वेळेवर की आम्ही आपसात त्याला वक्तशीर म्हणत असू. कंपनीचं परिपत्रक आलं होतं, मशीनमध्ये दोष नाही, ग्राहकांनी ते हवेशीर, थंड व धूळविरहित जागेत ठेवावे. कसबा पेठेत अशी जागा मला एकच माहीत होती, देवळाचा गाभारा, आणि तिथे टीव्ही नव्हता.

माझं स्वतःचं कन्सोलही एक दिवस त्याच रोगानं गेलं. ते पिशवीत घालून मी घरी चाललो होतो तेव्हा काकांनी दुकानातून हाक मारली.

"हा डबा कसला?"

"गेमचं मशीन आहे काका. तापतं आणि बंद पडून राहिलंय."

त्यांनी पालथा हात लावला. आळीजवळच्या एका मित्राकडे मी ते नुकतंच तासभर चालवून पाहिलं होतं, त्यामुळे धग अजून होती. "ताप आहे," ते म्हणाले. "उघडा."

मी उघडलं. आतली मुख्य चिप दाखवली. हीच तापते, म्हटलं.

"मग तिची उष्णता बाहेर कोण नेतं?"

चिपेवर बसवलेला मऊ करडा तुकडा आणि त्यावरचं अल्युमिनियमचं पातळ झाकण मी दाखवलं. काकांनी तो तुकडा नखानं उचलला आणि चष्म्याजवळ धरला.

"हे च्युइंगम आहे," ते म्हणाले. "कंपनी केवढी म्हणालात?"

"जगातल्या मोठ्यांपैकी एक."

"बंबात जाळ असतो, पाणी असतं आणि मध्ये तांबं असतं. बंब पेटवणाऱ्या बाईला कळतं ते यांना कळू नये? तांबं का नाही घातलं?"

तांबं महाग पडतं, असं मी म्हणालो. तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा त्यांनी कापला, ठोकून सपाट केला आणि काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासत बसले. दर दोन मिनिटांनी तो उजेडापुढे धरून पाहत. पोस्टकार्डापेक्षा थोडी जाड पट्टी झाली, एका टोकाला चिपेएवढी, दुसऱ्या टोकाला लांब शेपूट. शेपूट झाकणाला टेकवायचं म्हणजे उष्णता तिथून बाहेर जाईल.

पट्टी तयार झाली तेव्हा त्यांनी बारीक छिन्नी हातात घेतली आणि भांडं पुरं झाल्यावर ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत तेच मला विचारलं, "नाव काय घालू?"

तुमच्या घरच्या भांड्यांवरही अशी नावं असतील. ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेली, कोणाला, कोणाकडून, कोणत्या प्रसंगी. काकांच्या दुकानातून नावाशिवाय वाटीसुद्धा बाहेर जात नसे. मी मात्र घाबरलो. कंपनीच्या माणसानं कंपनीचं मशीन बाहेर उघडून घेतलं हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्ध्याची गाडी धरावी लागली असती. तसं मी त्यांना सांगितलंही.

"नाव नको काका. कोणी उघडलं आणि पाहिलं तर नोकरी जाईल."

"बिननावाचं भांडं मी देत नाही."

"हे भांडं कुठे आहे?"

यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं. तुमचं नाव राहू दे. भीती गेली की या, तेव्हा घालू. डबा ठेवून जा, उद्या बंद करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मशीन घरी नेलं आणि तीन तास सलग खेळलो. तापलं नाही. आजतागायत तापलेलं नाही.

पुढचं सगळं आपोआप झालं. मी उत्साहाच्या भरात सेवा केंद्रातला खास स्क्रूड्रायव्हर काकांना नेऊन दिला, चिपेवर लावायच्या लेपाची एक नळी दिली, मशीन कसं उघडायचं ते चार रविवार बसून शिकवलं. त्या लेपाला ते मलम म्हणत. आळीतल्या कोणाचं तरी मशीन त्यांनी बरं केलं, त्यानं मित्राला सांगितलं, आणि आम्ही काउंटरवरून परत पाठवलेली मशीन्स एक एक करून कसब्यात जाऊ लागली. शिकवणारा मी होतो हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

प्रत्येक पट्टीवर नाव पडू लागलं. एकदा लोणी काळभोरहून एक बाई आल्या, बरोबर कॉलेजातली मुलगी. मशीन मुलीचं. तिनं शिकवण्या घेऊन, साठवून घेतलेलं. मी तेव्हा दुकानातच बसलो होतो.

"बगा की वो जरा," बाई म्हणाल्या. "मोठ्या हापिसात नेलं तर म्हनले, तुमच्या घरात धूळ हाय. आता रस्त्याकडंचं घर, धूळ आसनारच की."

ज्यानं तसं म्हटलं तो मीच होतो. बाईंनी मला ओळखलं नाही, कारण कंपनीचा टी-शर्ट अंगात नव्हता. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

पट्टी झाल्यावर काकांनी विचारलं, "नाव काय घालू?" मुलगी हसली. ती म्हणाली, "अहो पण हे आत बसणार ना? कोण वाचणार?"

"भांड्याच्या बुडालासुद्धा नाव असतं. ते तरी रोज कोण उलटं करून वाचतं? पण पंगतीला गेलेलं भांडं घरी परत येतं ते त्या नावामुळे. शंभर घरची भांडी एकत्र घासली तरी ज्याचं त्याच्याकडे जातं." मग त्यांनी बाईंना विचारून घातलं, कु. प्राजक्ता हिस आईकडून. बाईंनी ती पट्टी आत बसण्याआधी पदरानं पुसली.

त्याच सुमारास आमच्या मोठ्या साहेबांची मुलाखत आली. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं की लोकांची मशीन्स तापतात, त्याचं काय? साहेब हसून म्हणाले, "आमचं मशीन जबाबदार ग्राहकांसाठी आहे. ज्यांना ते नीट ठेवता येत नाही त्यांनी कॅरम खेळावा."

दुसऱ्या शहरात लोक चिडले असतील, ओरडले असतील. पुण्यात काय झालं ते सांगतो. सकाळी दहाला सेवा केंद्र उघडलं तेव्हा दारात एक निवृत्त गृहस्थ कॅरम बोर्ड घेऊन उभे होते. मला वाटलं चुकून आले.

"चुकून नाही," ते म्हणाले. "माझं कन्सोल तीनदा तुमच्याकडे आलं. आता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कॅरम घेतला. खेळायला हवेशीर, थंड आणि धूळविरहित जागा पाहिजे. घरी तशी नाही."

त्यांनी ग्राहकांच्या सोफ्यांमध्ये बोर्ड मांडला, पावडर टाकली आणि खेळायला बसले. दुपारपर्यंत चार बोर्ड झाले, दुसऱ्या दिवशी अकरा. कोणी घोषणा दिली नाही, कोणी काच फोडली नाही. मी उठवायला गेलो की सगळे नम्रपणे म्हणत, "अहो, आपल्याच साहेबांची आज्ञा आहे." आमचा सुरक्षारक्षक तिसऱ्या दिवशी पंच झाला. दाराबाहेर कोणीतरी सुवाच्य अक्षरात पुठ्ठा लावला, येथे कॅरमची उत्तम सोय आहे, कन्सोल दुरुस्तीसाठी चौकशी करू नये. त्याचे फोटो देशभर फिरले. काकाही एक दिवस येऊन दोन डाव खेळून गेले. काउंटरशी येऊन त्यांनी मला अनोळख्यासारखं विचारलं, "आपल्याकडे स्ट्रायकर मिळेल का?"

ऐन दिवाळीत कंपनीची विक्री बसली. मग साहेबांना सुचलं, की त्या मॉडेलच्या सर्व ग्राहकांना नवं मशीन फुकट द्यायचं. अट एकच. बाहेर कोणाकडून उघडलेलं नको.

म्हणजे ज्यांनी काकांवर विश्वास ठेवला तेवढेच नेमके वगळले गेले. आत तांब्याची पट्टी दिसली की मशीन नामंजूर. साहेब स्वतः पुण्याला आले. एक पट्टी चिमट्यात धरून त्यांनी नाव वाचून घेतलं आणि मोठ्यानं हसले. "मशीन है या शादी का बर्तन?" मग हसणं थांबवून त्यांनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला. बाहेरच्या धातूचा तुकडा बसवल्यामुळे मशीनमध्ये बिघाड झाला आहे, असं त्यात लिहिलेलं. खाली माझं पद टाइप केलेलं, वरिष्ठ तंत्रज्ञ. सहीची जागा मोकळी.

मी सही केली. लग्न ठरलं होतं, मांजरी गावात घर बघून ठेवलं होतं, अशी कारणं तेव्हा मनाशी जुळवली. खरं कारण एवढंच की मला भीती वाटली. ती सही करायला मला काकांच्या एका ठिपक्याएवढासुद्धा वेळ लागला नाही.

त्या कागदाच्या प्रती नामंजूर ग्राहकांना मिळाल्या आणि ते सगळे तांबट आळीत आले. मी वर खिडकीत पडद्याआड उभा होतो. "तुमच्यामुळे आमचं नवं मशीन गेलं," असं कोणी म्हणत होतं. "तांबं भेसळीचं होतं का?" असंही कोणीतरी म्हणालं. काकांनी कागद मागितला, चष्मा पुसला आणि खालपर्यंत वाचला. सहीवर बोट ठेवून ते थोडा वेळ थांबलेले मला वरून दिसले. मशीन उघडायला त्यानंच शिकवलं, स्क्रूड्रायव्हर त्यानंच दिला, एवढं ते बोलले असते तर लोक माझ्या दारात आले असते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ज्याचा त्याला परत दिला.

"पाच पिढ्या झाल्या," ते म्हणाले, "आमच्या तांब्याला कोणी खोट काढली नव्हती." एवढंच. त्या आठवड्यात एका लग्नघरानं घंगाळांचं काम काढून घेतलं. भेसळीचा शब्द कसब्यात पसरायला वेळ लागत नाही.

मग कंपनीनं नाराज ग्राहकांची सभा बोलावली, एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात. साहेब मंचावर, मी बाजूला टी-शर्ट घालून उभा. साहेबांनी पट्टी दाखवली, माझा कागद वाचला. तेव्हा मागून काका उठले. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, दोन हातांत दोन पिशव्या. बरोबर लोणीची ती मुलगी. त्यांनी मंचासमोरच्या टेबलावर दोन कन्सोल ठेवली.

"हे सीलबंद, तुमचं. हे माझ्या पट्टीचं. दोन्ही लावा. तासाभरानं हात लावू. कोणाला ताप आहे ते हात सांगेल."

साहेब म्हणाले, एवढा वेळ नाही.

"घाई कुणाला आहे?" काका म्हणाले. "मला नाही." ते खुर्ची ओढून बसले. सभागृहातली माणसंही बसून राहिली. मुलीनं वायर जोडल्या आणि दोन्ही मशीन्स सुरू केली. तासभर कोणी उठलं नाही. साहेब दोनदा बाहेर जाऊन फोन करून आले.

तासानंतर काका उठले. पण त्यांनी स्वतः हात लावला नाही. "मी लावला तर म्हणाल, स्वतःच्या कामाची बाजू घेतली. तुमचाच माणूस लावू दे." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, आपण या. पालथा हात लावा आणि सांगा."

मला त्यांनी वर्धेकर म्हटलं नाही. साहेब म्हटलं. मला वाचवायला म्हटलं ते, आज कळतं.

मी गेलो. पहिल्या मशीनला पालथा हात लावला. भाजला. दुसऱ्याला लावला. ते कोमट होतं. सभागृहात सगळे माझ्याकडे बघत होते आणि मोठे साहेबही बघत होते. माझ्या तोंडून आलं, "सांगता येत नाही."

काकांनी माझा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "खरं आहे. इथल्या एसीत हात गार पडतो माणसाचा." त्यांनी त्यांचं मशीन पिशवीत घातलं आणि ते निघून गेले.

न्याय व्हायचा तो माझ्याशिवाय झाला. मुलीनं सगळं फोनवर टिपलं होतं आणि ते तिनं इंटरनेटवर टाकलं. तापलेल्या मशीनवरून मी हात कसा झटकन उचलला ते त्यात स्पष्ट दिसत होतं. ज्या गावी ते पाहिलं गेलं तिथली माणसं आपापल्या कन्सोलवर पालथा हात ठेवून फोटो टाकू लागली. दोन महिने कंपनीच्या प्रत्येक जाहिरातीखाली नुसते पालथे हात. शेवटी कंपनीनं अट मागे घेतली आणि पट्टीवाल्यांनाही नवी मशीन्स दिली. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांनी जुनं मशीन परत केलंच नाही. नव्याच्या आत तांबं नव्हतं.

मी ती नोकरी सोडली, पण ते काही शौर्य नव्हे. दुसरी मिळाल्यावर सोडली. मांजरीला राहायला गेलो. खोली सोडताना काकांना भेटलो नाही. शेवटचे काही महिने तर हातोडीचा आवाज नको म्हणून मी मागच्या बोळानं जात-येत असे.

वर्षभरानं ते मला भाजी मंडईत भेटले. पळायला जागा नव्हती. मी तिथेच, मेथीच्या ढिगाशेजारी, बोलायला लागलो. "काका, त्या दिवशी मी..." त्यांनी उजवा हात वर केला आणि पालथी बाजू माझ्या कपाळाला लावली. लोक बघत होते. त्यांनी नेहमीसारखे डोळे अर्धे मिटले.

"ताप नाही," ते म्हणाले. "मग बडबडताय कशाला?" आणि जाता जाता म्हणाले, "तुमचं नाव राहिलंय, वर्धेकर. डबा घेऊन या."

"येतो काका. या रविवारी येतो."

"घाई कुणाला आहे?"

मी गेलो नाही. त्या रविवारी नाही आणि नंतरच्या कितीतरी रविवारी नाही. त्यांनी माफ केलं होतं हेच मला जड जात होतं. रागावले असते तर गेलो असतो.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस मनाचा हिय्या केला. कन्सोल पिशवीत घातलं आणि कसब्यात गेलो. नाव काय घालायचं तेही ठरवलं होतं. माझं पूर्ण नाव, आणि खाली वरिष्ठ तंत्रज्ञ. कंपनीच्या कागदावर होतं तसंच घाला, असं म्हणणार होतो. आळीत इतर हातोड्या चालू होत्या. त्यांच्या दुकानाची फळी लावलेली. शेजारचे तांबट घंगाळावरची हातोडी न थांबवता म्हणाले, "दोन महिने झाले. झोपेतच गेले. आपण कोण?" मी वर्धेकर म्हटलं. त्यांनी हातोडी थांबवली. "तुम्ही होय. विचारायचे अधूनमधून. डबा घेऊन येणार होते, म्हणायचे, आले का?"

घरी येऊन मी पिशवी टेबलावर ठेवली. मग स्क्रूड्रायव्हर काढला. इतक्या वर्षांत ते मशीन मी उघडलं नव्हतं. तापलंच नव्हतं, उघडायचं कशाला? आता नाव निदान स्वतःच्या हातानं घालावं, वेडंवाकडं का होईना, असं मनात होतं. झाकण काढलं. पट्टी जागेवर होती, जरा काळवंडलेली. शेपटीवर ठिपके दिसले.

मी ती पुसली आणि दिव्याखाली धरली. बिननावाचं भांडं ते देत नसत, हे मला माहीत असायला हवं होतं. तिथे त्यांचं स्वतःचं नाव होतं. बापाच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण नाव, खाली तांबट आळी, कसबा पेठ, पुणे, आणि मी डबा ठेवून गेलो होतो त्या दिवसाची तारीख. शेकडो पट्ट्या त्यांनी केल्या असतील, त्यांतल्या कितीतरी मी माझ्या हातानं उघडून पाहिल्या, एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. कोणी उघडलं तर नोकरी जाईल, असं मी म्हणालो होतो. म्हणून उघडणारा थेट त्यांच्या दारात जावा, अशी सोय त्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती, पत्त्यासकट. मी कागदावर सही केली तेव्हा ती पट्टी माझ्याच घरात होती. सभागृहात मी "सांगता येत नाही" म्हणालो तेव्हाही.

मी रडलो. लपवायचं काही कारण नाही.

नंतर लेप लावला, पट्टी होती तशी बसवली, झाकणाचे स्क्रू आवळले आणि चालतं का ते पाहायला मशीन सुरू केलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याकडे आणि मग मशीनकडे बघत तिनं विचारलं, "काय झालं? गरम झालंय का?"

मी त्यावर पालथा हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"नाही," म्हटलं. "ताप नाही."